पीठ फुगेपर्यंत चार ओळी: घरचा पाव आणि क्रोशाकाम जोडीनं शिकण्याची रीत

नवा छंद घ्यायचा म्हटलं की पहिली अडचण वेळेची सांगितली जाते. घरी पाव करायचा तर सहा तास हवेत, क्रोशा शिकायचा तर रोज निवांत बैठक हवी, अशी समजूत असते. प्रत्यक्षात पावाच्या त्या सहा तासांत हातांचं काम जेमतेम अर्ध्या तासाचं. बाकीचा वेळ पीठ आपलं आपण काम करत असतं, आपण फक्त घरात असावं लागतं. क्रोशाचं उलटं आहे. तो वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत उत्तम होतो आणि त्याहून जास्त वेळ एका जागी बसून केला तर मनगट आणि मान भरून येते. म्हणून मी नवशिक्यांना हे दोन्ही छंद जोडीनं घ्यायला सांगते. पिठाला घडी घालायची वेळ झाली की गजर तुम्हाला खुर्चीतून उठवतो आणि पीठ झाकून ठेवलं की पुढची अर्धी ओळ विणायला तुम्ही मोकळे.

या लेखात एकच पाव आहे आणि विणायची एकच वस्तू, तीही मुद्दाम. दहा वेगवेगळे पदार्थ एकेकदा करून पाहण्यात मजा असते, पण हात तयार होत नाही. तोच पाव सलग काही आठवडे केला की पीठ आज सैल झालंय की घट्ट, हे बोट लावताच कळायला लागतं. विणकामाचंही तसंच आहे.

सामान, तेही थोडंच

पावासाठी सगळ्यात आधी घ्यायची वस्तू म्हणजे ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल वजनकाटा. वाटीनं मोजलेलं पीठ दाबून भरलं की भुरभुरीत सोडलं यावर वजनात सहज पाचवा हिस्सा फरक पडतो, आणि पावात तेवढ्यानं सगळं बदलतं. दुसरी वस्तू ओव्हनमध्ये चालणारं, घट्ट झाकणाचं जाड भांडं. झाकणाची मूठ धातूची असलेली बरी. प्लास्टिकची मूठ एवढी उष्णता सोसेलच असं नाही. तिसरी वस्तू ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर. घरगुती ओव्हनची चकती २०० अंश दाखवत असताना आत १८० असणं नवलाचं नाही. ओव्हनचा कुठला कोपरा जास्त तापतो हे पाहायचं असेल तर ट्रेभर पावाचे काप मांडा आणि १८० अंशांवर रंग चढेपर्यंत ठेवा. कुठले काप आधी तांबूस झाले ते पाहिलं की ओव्हनचा नकाशाच हाती येतो.

विणकामासाठी ४ मिमीची क्रोशाची सुई, मध्यम जाडीचा शंभर टक्के सुती धागा, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, कात्री आणि दोन सेफ्टी पिना. धागा फिक्या रंगाचा घ्या. गडद धाग्यात टाका कुठे संपला नि कुठे सुरू झाला ते दिसत नाही आणि नवशिक्याची निम्मी चिडचिड तिथूनच होते. एकापेक्षा जास्त गुंडे घेणार असाल तर कागदी पट्टीवरचा डाय लॉटचा, म्हणजे रंगवणीच्या खेपेचा, क्रमांक एकच आहे ना, ते बघून घ्या. तोच रंग, पण वेगळ्या लॉटचा, विणल्यावर शेजारी उठून दिसतो.

सुतीच का, तर आपण विणणार आहोत गरम भांडं धरायचा जाड चौकोन. अ‍ॅक्रिलिकचा धागा स्वस्त आणि मऊ असतो, पण तो प्लास्टिकच्या कुळातला आहे. गरम कड लागली की तो वितळतो आणि वितळलेला धागा कातडीला चिकटतो. स्वयंपाकघरातल्या कुठल्याही विणकामासाठी तो वापरायचा नाही, याला अपवाद नाही.

चौकोन विणताना

सुईवर सरकगाठ मारा आणि ३१ साखळ्या घाला. धागा सुईवर घेऊन फासातून ओढला की एक साखळी होते. साखळी हमखास घट्ट पडते. पहिली ओळ विणताना सुई आत शिरत नसेल तर साखळीपुरती एक माप मोठी सुई, म्हणजे ४.५ किंवा ५ मिमीची, वापरा. धागा बोटांत आवळून धरायचा नसतो. तो डाव्या हाताच्या तर्जनीवरून सहज सरकला पाहिजे. डावखुरे असाल तर सगळं आरशातल्यासारखं उलट करा, टाका तोच राहतो.

आता मुका खांब. सुईजवळची पहिली साखळी सोडून दुसरीत सुई घाला, धागा सुईवर घ्या आणि साखळीतून बाहेर ओढा. सुईवर दोन फास दिसतील. पुन्हा धागा घ्या आणि दोन्ही फासांतून एकदम ओढा. झाला एक मुका खांब. असे ३० घाला. ओळ संपली की एक साखळी घालून काम वळवा आणि पुन्हा ३० मुके खांब. वळणाची साखळी टाका म्हणून मोजायची नाही. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन धागे दिसतात. सुई त्या दोन्हींच्या खालून घालायची. एकाखालून घातली तर वीण सैल आणि पन्हळीसारखी होते. तीही सुंदर दिसते, पण आपल्याला दाट वीण हवी आहे.

नवशिक्यांचे चौकोन हळूहळू त्रिकोण होत जातात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: ओळीचा शेवटचा टाका सुटतो. तो कडेला थोडा वाकून बसलेला असतो आणि नजरेतून निसटतो. उपाय असा, की प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात पिन अडकवायची आणि पुढच्या ओळीत त्या पिनांच्या जागी टाका पडलाच पाहिजे असं धरून चालायचं. सुरुवातीच्या दहा ओळी तरी प्रत्येक ओळीचे टाके मोजा. २९ आले तर ओळ उसवा. क्रोशात सुईवर एकच फास असतो, त्यामुळे उसवणं सोपं आणि निर्धास्त असतं. धागा ओढला की ओळ सुटते आणि तोच धागा पुन्हा विणता येतो. उसवायला न कचरणाऱ्याचा हात लवकर बसतो, असं मी पाहत आले आहे.

चौकोन साधारण २० सेंटिमीटरचा होईल. ओळी किती घालायच्या ते आकड्यावर ठरवू नका. एक कोपरा समोरच्या कडेवर तिरका दुमडून बघा. कडा एकमेकींवर नीट बसल्या की चौकोन झाला. मग १५ सेंटिमीटर शेपूट ठेवून धागा कापा. असाच दुसरा चौकोन विणा, दोन्ही एकमेकांवर ठेवा आणि चारही बाजूंनी दोन्ही थरांतून मुके खांब घालत जोडा. कोपऱ्यात एकाच जागी तीन टाके घाला, नाहीतर कोपरा आत ओढला जातो. शेपटांची टोकं बोथट सुईनं विणीतून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून घ्या. एकाच दिशेनं ओवलेलं टोक धुण्यात सुटून येतं.

दोन थर शोभेसाठी नाहीत. एका थराच्या विणीत बारीक भोकं असतात आणि उष्णता थेट बोटापर्यंत पोचते. दोन थरांमध्ये अडकलेली हवा ती अडवते. हाच चौकोन ओला असेल तर मात्र त्याला हात लावू नका. पाणी उष्णता झटकन वाहून नेतं आणि गरम धातूवर त्याची वाफ होऊन बोट भाजतं. शेगडीवरच्या तव्याचा दांडा, किटलीची मूठ, कुकीजचा हलका ट्रे यांना हा चौकोन पुरतो. २३० अंशांवर तापलेलं पावाचं जड भांडं काढायला मात्र जाड ओव्हनमोजेच हवेत. तसलं भांडं चौकोनावर टेकवूही नका, सूत करपतं.

पाव: चार जिन्नस, बाकी वेळ

५०० ग्रॅम मैदा, ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. यीस्टचा सपाट चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलीचा, साधारण ३ ग्रॅम भरतो. पाकिटामागे १०० ग्रॅममागे प्रथिनं ११-१२ ग्रॅम लिहिलेली असतील तो मैदा पावाला चांगला. त्याहून कमी असतील तर पाणी ३२० ग्रॅमपासून सुरू करा. बेकरीवाले सगळं प्रमाण पिठाच्या टक्क्यांत सांगतात: पाणी ७० टक्के, मीठ २ टक्के. हा हिशोब डोक्यात बसला की पाव लहान करायचा असो की मोठा, कागद काढावा लागत नाही.

मैद्यात ३३० ग्रॅम पाणी घालून कोरडं पीठ दिसणार नाही इतपतच कालवा आणि झाकून अर्धा तास ठेवा. मळू नका. पिठातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं पाणी पिऊन एकमेकांत गुंततात आणि त्यांचं ग्लुटेनचं जाळं आपोआप विणलं जायला लागतं. या विसाव्याला ऑटोलिज म्हणतात. फ्रान्समधले बेकिंगचे शिक्षक रेमों काल्वेल यांनी १९७० च्या दशकात ही रीत रुळवली. अर्ध्या तासानंतर तोच गोळा ओढून पाहिलात तर तो तुटण्याऐवजी ताणला जातो. मळण्याचे कष्ट निम्मे इथेच वाचतात.

उरलेल्या २० ग्रॅम पाण्यात यीस्ट विरघळवून ते गोळ्यावर घाला, वर मीठ भुरभुरवा आणि ओल्या हातानं चिमटत, दाबत सगळीकडे मुरवा. दोन मिनिटं गोळा सुटासुटा, निसरडा वाटेल. घाबरून पीठ घालू नका. तो पुन्हा एकजीव होतो.

पुढचा दीड तास दर अर्ध्या तासानं एकेक घडी. हात ओला करा, गोळ्याची कड धरून वर ओढा, ताण जाणवेल तिथवरच, आणि पलीकडच्या बाजूवर दुमडा. भांडं पाव फेरा फिरवा, पुन्हा तसंच. चार बाजू झाल्या की एक घडी झाली. सगळं मिळून मिनिटभराचं काम. पहिल्या घडीला गोळा खडबडीत असतो आणि बोटांना चिकटतो. दुसऱ्या घडीला तो भांड्याच्या कडा सोडायला लागतो. तिसऱ्या घडीला वरची त्वचा गुळगुळीत झालेली असते, तिच्याखाली टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे दिसतात आणि दुमडलेला गोळा पसरत नाही, उभा राहतो. हा बदल हातांना जाणवतो तो क्षण मला या सगळ्या कामातला सर्वांत आवडता आहे.

आता गोळा दुप्पट होईस्तोवर थांबायचं. ‘दुप्पट’ हे नजरेनं ठरवणं अवघड, कारण भांड्याला उतार असतो. लिंबाएवढा तुकडा सरळ बाजूंच्या काचेच्या छोट्या बरणीत दाबून बसवा, पातळीला रबरबँड लावा आणि बरणी गोळ्याशेजारी ठेवा. बरणीत जे दिसेल तेच भांड्यात चाललंय. गोळ्याचं तापमान २४-२६ अंश असेल तर यीस्ट घातल्यापासून तीनेक तास लागतात. स्वयंपाकघर गरम असेल तर पाणी थंडगार घ्या, गार असेल तर कोमट. कढत पाणी नको. ५५-६० अंशांच्या पुढे यीस्ट मरतं.

फुगलेला गोळा हलक्या पिठावर काढा, कडा मध्यभागी दुमडा, उलटा करा आणि दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढत गोल घट्ट करा. बरणीतला तुकडाही त्यातच जाऊ द्या. पीठ लावलेल्या फडक्यात घालून ४५ मिनिटं ते तासभर ठेवा. तयार झाला का हे बोटानं कळतं: हलकेच दाबल्यावर खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू आणि अर्धवट भरून आला तर ओव्हनची वेळ झाली, तसाच राहिला तर उशीर झालाय, ताबडतोब भाजा.

रिकामं भांडं झाकणासकट २३० अंशांवर ४० मिनिटं तापवा. गोळा बेकिंग पेपरवर घ्या, धारदार पात्यानं वर सेंटिमीटरभर खोल तिरकी चीर द्या आणि कागदासकट भांड्यात सोडा. झाकण ठेवून ३० मिनिटं, झाकण काढून १५ मिनिटं. झाकणामुळे पिठातलीच वाफ आत कोंडते आणि वरचं कवच पहिली काही मिनिटं मऊ राहतं, म्हणून पावाला फुगायला वाव मिळतो. झाकण काढल्यावर तो रंग धरतो. कडा गडद तपकिरी होऊ द्या. फिकट पाव काढण्याची घाई बहुतेक जण करतात आणि मग कवचाला चवच नसते. टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ अंशांच्या आसपास हवेत. नंतर जाळीवर किमान तासभर. गरम पाव कापला तर आतला भाग चिकट लागतो, कारण पिष्ट अजून बसलेलं नसतं.

एका सुटीच्या दिवसाचा मेळ

सकाळी ९ वाजता पीठ-पाणी कालवा. ९:३० ला यीस्ट-मीठ. १०, १०:३० आणि ११ ला घड्या. १२:३० च्या सुमारास गोळा वळा, लगोलग ओव्हन लावा, १:३० ला पाव आत, सव्वादोनला बाहेर, सव्वातीनला कापायचा. दोन घड्यांच्या मधे हात धुऊन-पुसून बसलात तर विणायला वीस मिनिटं मिळतात. नव्या हाताला ३० टाक्यांची ओळ चार-पाच मिनिटं घेते, म्हणजे एका बैठकीत चार ओळी. गजर झाला की ओळ मधेच सोडू नका, संपवून उठा. पाच मिनिटांनी पिठाचं काही बिघडत नाही, पण मधेच सोडलेल्या ओळीत टाका हमखास चुकतो.

११ ते १२:३० हा सगळ्यात लांब पट्टा. तेवढ्यात मधे एकदा उठून हात झटका, बोटं मागे ताणा, खिडकीबाहेर लांब बघा. पाव ओव्हनमध्ये असताना मात्र मोजणीचं काम नको. नाक आणि कान तिकडे हवेत, म्हणून ती वेळ शेपटं ओवायला ठेवा. धागा नेहमी झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत असू द्या. सुती धाग्यावर एकदा ओलं पीठ वाळलं की ते विणीतून निघत नाही.

कामाच्या दिवसांत हेच दोन संध्याकाळींत मोडता येतं. पहिल्या संध्याकाळी तीन घड्यांपर्यंत आणा, घट्ट झाकून गोळा फ्रिजमध्ये १२ ते १६ तास ठेवा. कामावरून परतायला त्याहून दोन-चार तास जास्त झाले तरी चालेल. थंडीत यीस्ट मंदावतं, पण थांबत नाही, आणि या संथ आंबण्यानं चव जास्त खोल होते. दुसऱ्या दिवशी थंडच गोळा वळा आणि त्याला दीड-दोन तास द्या. खरं सांगायचं तर मला फ्रिजमधलाच पाव जास्त आवडतो.

बिघडलं तर कुठे बघायचं

पाव बसका आणि आत दाट, चिवट झाला, भोकं मोजकीच पण मोठाली, तर बहुधा तो पुरता फुगलेला नव्हता. पाव पसरट, चीर उघडलेलीच नाही, तर जास्त फुगला. गोळा अजिबात हललाच नाही तर यीस्ट तपासा: कोमट पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर घातल्यावर दहा मिनिटांत फेस यायला हवा. खालची बाजू करपत असेल तर भांड्याखाली रिकामा ट्रे ठेवा. आणि कच्चं पीठ चाखू नका. पीठ शिजवलेलं नसतं, त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

विणीत चौकोनाच्या कडा आत येत असतील तर टाके गळताहेत, फाकत असतील तर एकाच जागी दोन पडताहेत. सगळाच चौकोन पुठ्ठ्यासारखा ताठ झाला तर सुई अर्ध्या मापानं मोठी घ्या. पुढे इंटरनेटवरचे पॅटर्न वाचायला घ्याल तेव्हा ते अमेरिकी आहेत की ब्रिटिश हे आधी पाहा. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकी पॅटर्नमधला सिंगल क्रोशे, तोच ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे असतो, आणि हे न पाहता विणलं तर माप पार चुकतं.

एक वही, दोन बाजू

वहीच्या पुढच्या बाजूनं पाव, मागच्या बाजूनं विणकाम. पावासाठी तारीख, खोलीचं तापमान, पाण्याचं प्रमाण, दुप्पट व्हायला लागलेला वेळ आणि कापल्यावर काय दिसलं ते एका ओळीत. विणकामासाठी सुईचं माप, टाके, तयार चौकोनाची लांबी-रुंदी, आणि धाग्याची कागदी पट्टी सरळ पानावर चिकटवून टाका. चौकोन एकदा धुतल्यावर पुन्हा मोजा. सूत आटतं, आणि किती आटतं ते पुढच्या कामाला उपयोगी पडतं.

पाव पहिले दोन दिवस कापलेली बाजू फळीवर पालथी घालून, फडक्यात गुंडाळून बाहेरच ठेवा. फ्रिजमध्ये नको. पावातलं पिष्ट फ्रिजच्या थंडाव्यात सगळ्यात लवकर कडक होतं. जास्त टिकवायचा तर काप करून फ्रीझरमध्ये घाला आणि लागेल तसा एकेक थेट भाजून घ्या.

पाव आणि चौकोन दोन्ही हातात बसले, म्हणजे सलग दोन-तीन वेळा मनासारखे झाले, की मगच बदल करा, आणि एका वेळी एकच. पावात १०० ग्रॅम मैद्याच्या जागी कणीक घाला आणि पाणी १५-२० ग्रॅमनं वाढवा, कारण कोंडा जास्त पाणी पितो. विणकामात दर सहा ओळींनी रंग बदलून पट्टे घाला. नवा रंग आधीच्या ओळीच्या शेवटच्या टाक्यातच घ्यायचा: जुन्या रंगाचे दोन फास सुईवर असताना नव्या धाग्यानं ते ओढून घ्या, म्हणजे पट्ट्याची कड स्वच्छ येते.